अष्टमी, ओहोटी आणि शेवेचं पाकीट



तिथीचं कॅलेंडर आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात असतं. बीज, पंचमी, अष्टमी, एकादशी, चौदस. कोणत्या दिवशी हिरवी भाजी आणायची नाही, कोणाचं एकासणं, कोणाचा उपवास, हे बघायला दिवसातून दोनदा तरी त्याच्यासमोर उभं राहावं लागतं. मी लग्न होऊन अलिबागला आले तेव्हा या कॅलेंडरचा आणखी एक उपयोग कळला. इथल्या जुन्या माणसांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी, आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला परत भरती. चौदसला साडेदहा. कुलाबा किल्ल्यात पायी कधी जाता येईल, हे इथली म्हातारी माणसं बोटांवर सांगतात ती याच हिशोबाने. मोबाइलवर आता मिनिटामिनिटाचे तक्ते मिळतात, पण पाऊणपटीचा हिशोब फार चुकलेला मी तरी पाहिला नाही.

अष्टमीची आणखी एक गंमत आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि मग खूप लांब जातं. अष्टमीला भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. त्यामुळे हिवाळ्यात किनाऱ्यावर येणारे पक्षी ओहोटीलाही अगदी ठिपक्याएवढे लांब जात नाहीत, दुर्बिणीच्या टप्प्यात राहतात. म्हणून पक्षी बघायचा माझा ठरलेला दिवस अष्टमीचा. खरं सांगू का, दुसरं कारणही आहे. तिथीला स्वयंपाक आटोपशीर असतो. मुगाची डाळ, गट्टे, पापडाची भाजी, डब्यात खाखरे. भाजी निवडण्यात जाणारा तास माझा मला मिळतो.

माझी जागा म्हणजे अक्षी. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की साखर खाडीचा पूल, आणि पलीकडे अक्षी गाव. सुरूची झाडं, त्यापुढे रुंद, सपाट वाळू, एका टोकाला खाडीचं मुख. गावाचं नाव तुम्ही कदाचित शिलालेखामुळे ऐकलं असेल. शिलाहार राजा केसिदेवाच्या काळातला तो लेख, शं. गो. तुळपुळ्यांनी त्याचं वाचन शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं केलं. मराठीतला सगळ्यात जुना लेख हा की श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या पायाशी कोरलेला, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मी जैन आणि सासर अक्षीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दोन्हीकडून मान आमच्याच घरी येतो, असं मी यांना सांगत असते. हे हसतात आणि दुकानाचं शटर उघडायला जातात.

पक्ष्यांचा नाद मला सात-आठ वर्षांपूर्वी लागला. अलिबागच्या उत्तरेला किहीम आहे, तिथे सलीम अलींनी १९३० साली सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला हे मुलाच्या शाळेच्या एका कार्यक्रमात ऐकलं होतं. इतक्या जवळ कोणीतरी एका घरट्याकडे महिनोन्‌महिने बघत बसलं होतं, ही गोष्ट डोक्यात राहिली. मग मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ घरात आला, मग आठ बाय बेचाळीसची दुर्बीण. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. पट्टा कापडी आहे, चामड्याचा नाही, हे विचारायच्या आधीच सांगून टाकते.

सुरुवातीला फार पंचाईत व्हायची. आपल्याला लहानपणापासून साडेतीन हात पुढची जमीन बघून चालायची सवय. ओल्या वाळूवर तर जास्तच, कारण छोट्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घातलेली असते आणि प्रत्येक रांगोळीच्या मध्ये एक बीळ असतं. पक्षी मात्र दोनशे हात लांब. दोन्हीकडे एकदम कसं बघणार? मी त्यावर उपाय काढला तो असा, की चालताना फक्त खाली बघायचं आणि बघायचं असेल तेव्हा उभं राहायचं. चालायचंही कोरड्या वाळूवरून, सुरूच्या कडेने. यात पक्षी कमी दिसतील असं वाटलं होतं. उलट जास्त दिसायला लागले, कारण माझ्या हलण्याने उडणारे थांबले.

आता मूळ गोष्टीकडे येते. गेल्या पौषातल्या अष्टमीला माझ्याबरोबर सासूबाई आल्या.

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. दिवाळीच्या आधी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. त्यानंतर घरात रोज काहीतरी नवीन दिसायला लागलं. “अगं, या भांड्यावर नाव घातलंय!” “या भिंतीला केव्हापासून चीर आहे?” मला वाटलं, हे डोळे समुद्रावर न्यायला हवेत. त्या लगेच तयार झाल्या, पण निघताना त्यांच्या पिशवीत मला शेवेचं मोठं पाकीट दिसलं. अर्धा किलोचं.

शेव कुणासाठी हे मला कळलं. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचच्या मागे हिवाळ्यात कुरवांचा थवा लागतो. तुम्ही आला असाल तर पाहिलं असेल. लोक वेफर्स, शेव, गाठ्या उडवतात आणि कुरव हवेतल्या हवेत झेलतात. सासूबाईंनी ते पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की हे पक्षी हजारो मैलांवरून आलेले पाहुणे आहेत, आणि दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं ही आपली रीत नाही.

यावर सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं. तळलेलं, खारट बेसन हे त्यांचं अन्न नव्हे. एकदा माणसाच्या हाताची सवय लागली की ते तिथेच घिरट्या घालतात, आपसात भांडतात, कावळे आणि घारीही जमतात. पण मी बोलले नाही, त्याला कारण आहे. सासूबाईंचं माहेर दादरचं. लहानपणी त्यांचे वडील त्यांना रोज सकाळी कबुतरखान्यावर न्यायचे, त्यांच्या ओंजळीत ज्वारी घालायचे आणि म्हणायचे, आधी त्यांना, मग तुला. २०२५ मध्ये त्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातलेली त्यांनी टीव्हीवर पाहिली. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसांना होणाऱ्या त्रासाबद्दल डॉक्टर काय म्हणतात ते आमच्या यांनी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग इतकंच म्हणाल्या, “म्हणजे सत्तर वर्षं मी जे पुण्य समजले ते पाप होतं म्हणायचं.” त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आपल्या समाजात तेव्हा काय काय बोललं गेलं हे तुम्हाला माहीत आहे, मी त्यात पडत नाही. पण त्यानंतर त्यांना कुठल्याही पक्ष्याला काही घालू नका असं सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून पाकीट पिशवीत राहिलं आणि आम्ही निघालो. बरोबर नणंदेचा मुलगा होता, पुण्याहून चार दिवस आलेला, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला.

सातच्या सुमाराला पोहोचलो. शाल लागेल इतकी थंडी. पाणी नुकतंच उतरायला लागलं होतं, त्यामुळे वाळूचा पट्टा अरुंद आणि त्यावर सगळी गर्दी. कुरवांचा मोठा थवा वाऱ्याकडे तोंड करून बसलेला. मी सासूबाईंना सुरूच्या बुंध्याशी घडीच्या खुर्चीवर बसवलं, दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावून दिली आणि चाक फिरवायला शिकवलं.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “यांच्या कानामागे तीट लावलीय.”

अगदी बरोबर. हिवाळ्यात कुरवांचं डोकं पांढरं असतं आणि डोळ्यामागे काळा ठिपका, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून लावतो तसा. उन्हाळा जवळ आला की सगळं डोकं गडद होतं आणि मग ते निघतात. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तलावांवर घरटी करतात. काळ्या डोक्याचे आणखी उत्तरेला. दोघं शेजारी बसले तर तपकिरी डोक्याच्याचा डोळा फिका दिसतो. सासूबाईंनी दहा मिनिटांत तो फरक ओळखला. मला पहिल्या वर्षी तीन महिने लागले होते. साडीच्या काठातला अर्ध्या सुताचा फरक ज्यांनी पन्नास वर्षं दुकानात गिऱ्हाइकांना दाखवला, त्यांना यात काय अवघड!

मग लाटेच्या अगदी कडेला धावणारे छोटे सँडर्लिंग. लाट मागे गेली की हे तिच्यामागे धावतात, वाळूत चोच मारतात, लाट परत आली की पाय भिजू न देता उलटे पळतात. न थांबता, सगळेच्या सगळे. बऱ्याच किनारपक्ष्यांना पायाला मागे एक छोटं बोट असतं, यांना तेही नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात यांची घरटी. सासूबाई हसायला लागल्या. “बालवाडी सुटल्यासारखं वाटतंय,” म्हणाल्या. मोठा केस्पियन सुरय येऊन गेला, लालभडक चोचीचा. वर सुरूच्या शेंड्यावरून पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड एकदा फिरला आणि खालचा सगळा थवा उठून परत बसला.

“हे एवढे लांबून एका दमात येतात का गं?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याची गोष्ट सांगितली. इंग्रजीत गॉडविट म्हणतात. आमच्याकडे हिवाळ्यात येणारे उत्तर सायबेरियातले, पण त्यांच्याच जातीतल्या अलास्काच्या एका पिल्लाच्या पाठीवर छोटं यंत्र बसवलेलं होतं. २०२२ साली ते अलास्काहून निघालं ते थेट ऑस्ट्रेलियाच्या खाली टास्मानियाला उतरलं. १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस. मध्ये कुठे टेकलं नाही, खाल्लं नाही, पाणी प्यायलं नाही.

सासूबाईंनी दुर्बीण खाली घेतली. “अकरा उपवास. तेही चौविहार?”

“चौविहार.”

“आणि पारणं कुठे केलं?”

मी म्हटलं, अशाच एखाद्या चिखलात, ओहोटीच्या वेळी. किनारपक्षी उतरतात तेव्हा अंगावरची सगळी चरबी संपलेली असते. मग दिवसातून दोनदा पाणी मागे जातं, तेवढ्या वेळात मिळेल ते खायचं, आणि मार्च-एप्रिलमध्ये परतीचा प्रवास सुरू व्हायच्या आत अंगावर पुन्हा चरबी चढवायची. भरती आली की ताट उचललं. त्या यावर खूप वेळ गप्प राहिल्या. त्यांनी स्वतः दोन अठाया केल्या आहेत. पारण्याच्या सकाळी माणूस किती हळू, किती जपून पहिला घोट घेतो, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

बाराच्या सुमाराला सासूबाईंचं एकासणं. त्यांनी जागा पुसून, आसन घालून, एका बैठकीत डबा संपवला आणि उकळलेलं पाणी घेतलं. पाणी आता पूर्ण उतरलं होतं आणि खडकांकडे ऑयस्टरकॅचरची जोडी दिसत होती, कालवं फोडून खाणारे काळे-पांढरे पक्षी. मला फार आवडतात. मी लगेच सासूबाईंना दाखवले.

“अगं बाई, काय चोच आहे! गाजरासारखी!” (गाजराची उपमा आमच्या घरात ऐकायला मिळणं दुर्मीळच.) मग त्या चोचीने एक शिंपला उलटा केला, फटीत घातली आणि झटक्यात उघडला. सासूबाईंनी दुर्बीण मांडीवर ठेवली.

“शंख-शिंपले बेइंद्रिय. तोही जीवच ना. आपण हे आवडीनं बघतोय. करणं, करवणं आणि अनुमोदना, तिन्हींचं फळ सारखं सांगितलंय. मग ही अनुमोदना नाही का?”

हा प्रश्न माझ्या मनात पहिल्या वर्षापासून आहे. दोन चातुर्मासांपूर्वी आमच्या स्थानकात आलेल्या एका साध्वीजींना मी तो विचारला होता. त्या म्हणाल्या, पक्षी तिर्यंच गतीत आहे, त्याचं पोट त्याच्या कर्माने भरतं. तू बघत नव्हतीस तरी त्याने खाल्लंच असतं. शिंपला मरावा असं तुला वाटलं का? भाव कशाचा होता ते तूच तपास. मी सासूबाईंना हेच सांगितलं. पण माझं स्वतःचं यावर पूर्ण समाधान झालेलं नाही, हेही सांगितलं. खंड्याने तीनदा सूर मारला आणि तीनदा रिकाम्या चोचीने वर आला, तर चौथ्यांदा त्याला मिळावं असं मला वाटतंच. तेवढ्या क्षणापुरती मी माशाच्या बाजूला नसते. यावर काय करायचं? डोळे मिटून घेतले तर खंड्याही दिसणार नाही. आपल्या पूर्वसूरींनी तर जीवांकडे किती बारीक बघितलंय. पक्ष्यांना खेचर म्हटलं, त्यातही कातडीच्या पंखांचे वेगळे आणि पिसांचे वेगळे. वटवाघूळ चर्मपक्षी, हे आपल्या शास्त्रात आहे. न बघता हे कसं लिहिलं असेल?

सासूबाई म्हणाल्या, “मग बघू दे मला परत.” आणि दुर्बीण उचलली. प्रश्न तिथेच राहिला.

दुपारी फार काही नव्हतं. भाचा कंटाळून गाडीत झोपला. शेजारच्या वाळूवर एक कोळीण मावशी सुकत घातलेल्या मासळीवरून कावळे हाकलत होत्या. त्या आमच्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक, मुलीच्या लग्नाची सगळी लुगडी आमच्याकडून नेलेली. सासूबाईंना बघून लांबूनच म्हणाल्या, “वारा तुमच्याकडं नाय ना लागत, काकू? वास येल.” आणि आपली बुट्टी उचलून पलीकडे बसल्या. सासूबाईंनी खाखऱ्याचा अख्खा डबा त्यांच्याकडे पाठवला. दोघींमध्ये तीसेक हातांचं अंतर ठेवून त्या अर्धा तास सुनांबद्दल बोलल्या. मी ऐकू येत नसल्यासारखं समुद्राकडे बघत होते.

चारनंतर पाणी परत चढायला लागलं आणि मला सगळ्यात आवडणारी वेळ आली. पसरलेले पक्षी पाण्याबरोबर आपोआप जवळ सरकत येतात. आपण फक्त हलायचं नाही. एका सामायिकाएवढा वेळ, अठ्ठेचाळीस मिनिटं, स्थिर बसता आलं तर ते आपल्याला झाड समजतात. सासूबाईंना हे शिकवावं लागलं नाही. पन्नास वर्षांच्या सामायिकांची बैठक ती. चिखल्या इतक्या जवळ आले की दुर्बिणीशिवाय त्यांच्या डोळ्यातला उजेड दिसत होता. धावायचे, थबकायचे, टिपायचे, परत धावायचे. वाळूच्याच रंगाचे, थांबले की नाहीसे व्हायचे. मी त्रेसष्टपर्यंत मोजले.

तेवढ्यात भाचा उठून आला. त्याला हव्या होत्या उडणाऱ्या पक्ष्यांच्या रील्स. तुम्ही पाहिल्या असतील, कोणीतरी थव्यात धावत जातं आणि सगळे एकदम आभाळात. मला म्हणाला, “मामी, तू फोन धर, मी पळतो.” आणि सासूबाईंना म्हणाला, “नानी, शेव टाक ना तुझी, मग गल पण येतील, मस्त फ्रेम होईल.”

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी त्याचा हात धरला. बसल्या जागेवरून, आवाज अजिबात न चढवता.

“इरियावहियं येतं ना तुला?”

तो गोंधळला. “येतं की. पाठशाळेत केलंय.”

“म्हण.”

तो भरभर म्हणायला लागला, जसं सगळी मुलं म्हणतात, एका श्वासात. शेवटाकडे आल्यावर सासूबाईंनी त्याला थांबवलं आणि त्या ओळीचा अर्थ विचारला. तुम्हालाही तो पाठ आहे, आपण प्रत्येक सामायिकाच्या सुरुवातीला म्हणतो. जाता-येता जीवांना काय काय झालं असेल त्याची ती यादी आहे. ठोकर लागली, धुळीत झाकले गेले, घासले गेले, एकमेकांवर लोटले गेले, थकवले गेले, भयभीत केले गेले. जिवे मारणं त्या यादीत सगळ्यात शेवटी येतं. आणि त्याच्या अगदी आधी येतं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी घालवलं जाणं.

“बसलेल्याला उठवणं,” सासूबाई म्हणाल्या. “मारणं लांब राहिलं. नुसतं जागेवरून उठवलं तरी मिच्छामि दुक्कडं म्हणायला सांगितलंय. आणि हे तर पारण्याला बसलेत.”

मी हा पाठ हजारो वेळा म्हटला असेल. किनाऱ्यावर इतकी वर्षं येतेय. गाड्या वाळूवर उतरतात, चार चाकांच्या त्या मोटारसायकली थव्यातून नेतात, कुत्र्यांना सोडतात, आणि एका दुपारी तेच पक्षी दहा-बारा वेळा उठतात. प्रत्येक उठण्यात साठवलेलं थोडं खर्च होतं आणि खायचा वेळ जातो. हे मी लोकांना कॅलरी, स्थलांतर, अधिवास असल्या शब्दांत सांगत आले आणि लोक “हो का” म्हणून पुढे जातात. सासूबाईंनी रोज सकाळ-संध्याकाळ तोंडी असलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि पोरगा खाली बसला. नुसता बसला नाही, वीस मिनिटं बसला. त्याने फोनवर धावणाऱ्या चिखल्यांचाच व्हिडिओ काढला. त्याला तो नंतर रात्री आईला दाखवताना मी पाहिलं. “बघ, हे हलत नाहीत तोपर्यंत दिसतच नाहीत,” सांगत होता.

शेव फोडली गेली नाही. सासूबाईंनी पाकिटावर हात ठेवला होता, मी बघत होते. फोडली असती तर कुरव झेपावले असते, कावळे आले असते, आणि समोरच्या त्रेसष्टांपैकी एकही जागेवर राहिला नसता. हे त्यांनी पाहिलं, मला वाटतं. पण मी तसं विचारलं नाही आणि त्याही बोलल्या नाहीत. दया चुकीची असते असं त्यांना कोणी सांगावं आणि तेही सुनेने, हे मला नको होतं. घरच्या गच्चीवर चिमण्यांना त्या अजूनही सकाळी ज्वारी घालतात, मूठभर, आणि नंतर जागा झाडतात. त्यात मला काही वावगं दिसत नाही.

साडेपाचला आम्ही उठलो. सूर्यास्त सव्वासहाच्या पुढेमागे होता, त्याआधी घरी पोहोचून त्यांना पाणी घ्यायचं होतं. उठताना त्यांनी खुर्ची स्वतः घडी केली नाही, मला करायला सांगितली, आणि “हळू” म्हणाल्या. खुर्चीचा खटका वाजतो. मग सुरूंच्या आतून, लांबच्या वाटेने आम्ही गाडीकडे गेलो. त्यांचे गुडघे दुखतात, समोरून गेलो असतो तर अर्धं अंतर होतं.

गाडीत त्यांनी विचारलं, “हे परत कधी जाणार म्हणालीस?” मी म्हटलं, फाल्गुन-चैत्रात. “मग माघातल्या अष्टमीला येऊ. माझं एकासणं मी साडेअकरालाच करून घेईन, म्हणजे ओहोटी पुरी बघता येईल.”

पुढच्या महिन्यात त्यांच्या माहेरी, दादरला, लग्न आहे. मांडव्याहून लाँचने जायचं ठरलंय. कुरव मागे लागणारच, आणि लोक डेकवर पाकिटं फोडणारच. शेवेचं ते पाकीट अजून सासूबाईंच्या प्रवासाच्या पिशवीत आहे, न फोडलेलं. पिशवी भरताना मला दिसलं. मी ते काढलं नाही आणि त्यांनीही काही म्हटलं नाही.